मायकेल फॅरडे आणि तापल्यावर वीज वाहणारा पदार्थ

तांब्याच्या तारेतून वीज वाहते. काचेतून किंवा लाखेतून ती वाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा भेद सर्व शास्त्रज्ञांना ठाऊक होता, त्याचे कारण मात्र कोणालाही सांगता येत नव्हते. विद्युतजनित्राचे मूलतत्त्व शोधणारे मायकेल फॅरडे यांना १८३३ साली या विभागणीत नीट न बसणारा एक पदार्थ आढळला. त्यांच्या चरित्रांत या शोधाला बहुधा एखाद्या ओळीचीच जागा मिळते.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी, आज लंडनचा भाग असलेल्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार होते आणि त्यांची प्रकृती नाजूक असल्याने घरात कायम ओढाताण असे. लेखन, वाचन आणि जुजबी अंकगणित एवढ्यावरच शिक्षण संपले. चौदाव्या वर्षी फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेले ग्रंथ वाचत सात वर्षे तेथे राहिले. १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवून, स्वतःच्या हाताने बांधून डेव्ही यांना पाठवली. मार्च १८१३ मध्ये त्यांना तेथील प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली.

गुरुशिष्यांचे हे नाते पुढे सरळ राहिले नाही. डेव्ही यांच्यासोबतच्या युरोप दौऱ्यात फॅरडे यांना सेवकाचीही कामे करावी लागली. १८२४ साली त्यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली, तीही अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांचा विरोध असताना. तरीही १८३३ च्या शोधाचे महत्त्व डेव्ही यांच्याच एका निष्कर्षामुळे कळते. धातू तापला की त्याची वाहकता घटते, असे डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखवून दिले होते.

१८३३ च्या हिवाळ्यात फॅरडे बर्फावर प्रयोग करीत होते. पाण्यातून जाणारा घटमालेचा प्रवाह बर्फाचा पातळ थर मध्ये येताच थांबतो, हे त्यांनी पाहिले. शिशाचे क्लोराइडही घन असताना वीज अडवते आणि वितळताच वाहू देते. हा नियम किती पदार्थांना लागू पडतो हे तपासताना सिल्व्हर सल्फाइडची पाळी आली. चांदीच्या भांड्यांवर कालांतराने चढणारा काळपट थर तो हाच. थंड असताना त्यातून प्रवाह अगदी क्षीण होता. खाली दिवा धरताच, पदार्थ घनच असूनही, मापकाचा काटा हलू लागला. उष्णतेबरोबर प्रवाह वाढत गेला आणि तो जवळजवळ धातूसारखा वाहक झाला. दिवा काढल्यावर वाहकता पुन्हा ओसरली. म्हणजे वर्तन धातूच्या नेमके उलट.

फॅरडे यांनी हे निरीक्षण त्याच वर्षी रॉयल सोसायटीसमोर मांडले. ओढूनताणून त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात ते पडले नाहीत. उच्च गणित त्यांना येत नव्हते, ही त्यांची उणीव नेहमी सांगितली जाते; पण हे कोडे त्या काळी गणितानेही सुटले नसते, कारण इलेक्ट्रॉन अजून कोणाला माहीतच नव्हता. त्याचा शोध १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी लावला. त्याच्या ३० वर्षे आधी, २५ ऑगस्ट १८६७ रोजी, फॅरडे यांचे निधन झाले होते. अखेरच्या वर्षांत त्यांची स्मृती फार क्षीण झाली होती. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, दोन्ही त्यांनी नाकारले होते.

समाधानकारक उत्तर मिळायला १९३१ साल उजाडले. इंग्लंडचे अ‍ॅलन विल्सन यांनी पुंजयांत्रिकीच्या आधारे दाखवले, की घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठराविक पट्ट्यांतच असू शकते. पट्टा पूर्ण भरलेला असला, तर इलेक्ट्रॉनांना सरकायला मोकळी जागा उरत नाही आणि पदार्थ रोधक ठरतो. धातूंत पट्टा अर्धवट भरलेला असल्याने इलेक्ट्रॉन सहज वाहतात. उष्णतेने अणूंची कंपने वाढली की त्यांच्या वाटेत अडथळा येतो, हेच डेव्ही यांनी पाहिले होते. काही पदार्थांत भरलेला आणि रिकामा पट्टा यांतील अंतर थोडे असते. उष्णता मिळताच काही इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात पोहोचतात आणि वाहकता वाढते. हेच अर्धवाहक. संगणकाच्या चिपमधील सिलिकॉन याच गटातला.

फॅरडे यांच्या दिव्याखाली आलेला पदार्थ मात्र या चौकटीतही पूर्णपणे बसत नाही. सिल्व्हर सल्फाइडमध्ये इलेक्ट्रॉनांबरोबर चांदीचे आयनही घन अवस्थेतच सरकतात, आणि सुमारे १७७ अंश सेल्सियसला त्याची स्फटिकरचना बदलून दोन्ही प्रकारचे वहन एकदम वाढते. आयन हा शब्द शास्त्रात रूढ केला तो फॅरडे यांनीच, १८३४ साली, या प्रयोगानंतर अवघ्या वर्षभराने.