४२.३४ मीटरवरच्या उषाबेन



हॉबी वर्गात तुम्ही ज्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरची कॉइल गुंडाळता, त्याचा काटा ७ मेगाहर्ट्झच्या जरा पुढे आला की मी थोडा थांबतो. ७.०८ मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ४२.३४ मीटर. १९४२ साली मुंबईतून याच तरंगलांबीवर एक गुप्त केंद्र बोलत असे, काँग्रेस रेडिओ. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रजी अमलातले न्यायाधीश, तरी मुलगी आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत होती! ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. तेव्हा उषाबेन, विठ्ठलदास खाकर आणि सोबत्यांनी रेडिओ काढायचे ठरवले.

बोलणारे पुष्कळ होते, यंत्र नव्हते. महायुद्धामुळे हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झालेले. नरिमन प्रिंटर नावाच्या तंत्रज्ञाने सुटे भाग जुळवून ट्रान्समीटर उभा केला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनीही सामान पुरवले. भाषणे एका जागी ध्वनिमुद्रित करायची आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागेवरून, अशी व्यवस्था होती.

आता एरियलचा हिशेब करा. या तरंगलांबीला अर्ध्या लांबीची तार लावायची तर ती २१ मीटर भरते. रायपुरातल्या आपल्या गच्चीवर एवढी तार बांधून पाहा, शेजारी विचारायला येतातच. इथे तर पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रे घेऊन फिरत होत्या. म्हणून बिऱ्हाड सारखे हलत राहिले.

चिमूर आणि आष्टीच्या अत्याचारांची हकीकत या रेडिओने सांगितली. आपल्यापैकी ज्यांचे आजोळ विदर्भात आहे, त्यांना ही गावे सांगायला नकोत.

२७ ऑगस्टला सुरू झालेले केंद्र ११ आठवडे टिकले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी आधी प्रिंटरला गाठले. तो फुटला. धरपकड सुरू झाल्याचे कळूनही उषाबेन त्या संध्याकाळच्या प्रक्षेपणासाठी महालक्ष्मीजवळच्या घरी गेल्या. दारे फोडून पोलीस आत शिरले तेव्हा वंदे मातरमची तबकडी चालू होती. ती पुरी होईपर्यंत त्यांनी थांबवू दिली नाही.

प्रिंटरला दोष देणे सोपे आहे. मला मात्र दुसरी गोष्ट खटकते. यंत्राची सगळी नाडी त्या एका माणसाच्या हाती होती. तो गेला तेव्हा केंद्रही गेले. म्हणूनच वर्गात सर्किट एकाने जोडले की मी ते दुसऱ्याकडून सुटे करून पुन्हा जोडून घेतो. (रिसीव्हर खुशाल बनवा. ट्रान्समीटरला आजही परवाना लागतो.)

पोलिसांनी कित्येक महिने चौकशी केली, आमिषे दाखवली. उषाबेन बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात ठेवले. १९४६ मध्ये सुटका झाली. पुढे त्यांनी गांधीजींच्या विचारांवर पीएच.डी. केली आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अंगात ताप असताना त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या आणि ११ तारखेला वारल्या.