काळा कातळ, अझोला आणि डॉ. बिरबल साहनी



१४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. डॉ. बिरबल साहनींचा जन्मदिवसही तोच, हे मात्र मुलांना सांगायचं राहूनच जातं. महाड-पोलादपूरच्या मुलांना तरी हे नाव माहीत हवंच. आपली गावं ज्या काळ्या कातळावर वसली आहेत, त्याचं वय साहनींनी वनस्पतींना विचारलं!

त्यांचा जन्म १८९१ चा, आता पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत मुलांना हिमालयात पायी फिरवायचे. (आपण शाळेमागच्या डोंगरावर तरी नेतो का?) पुढे केंब्रिजला शिक्षण झालं. १९२१ पासून ते लखनौ विद्यापीठात होते.

आता कातळाची गोष्ट. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून बनला. दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, झाडं वाढायची. नवा लाव्हा आला की सगळं गाडलं जायचं. हे जीवाश्म नागपूर-छिंदवाडा भागात भरपूर मिळतात. छिंदवाड्यातल्या सौंसरजवळच्या गारगोटीसारख्या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून साहनी आणि एच. एस. राव यांनी एका तरंगत्या नेच्याचं वर्णन केलं. तो होता अझोला! गुरांच्या चाऱ्यासाठी खड्ड्यात प्लास्टिक अंथरून वाढवतात ना, त्याचाच पूर्वीचा भाऊबंद. वर्गात चिमूटभर अझोला वाटीत आणून दाखवा, मुलं हा धडा विसरणार नाहीत. त्याच जिल्ह्यात मोहगाव कलानला निपा पामची फळं दगड झालेली मिळाली. आज हा पाम सुंदरबनच्या खाड्यांत वाढतो. म्हणजे मध्य भारतात तेव्हा उष्ण, दमट हवा होती आणि समुद्रही जवळ असावा.

या वनस्पतींवरून साहनींनी मांडलं, की हा लाव्हा डायनासोर संपल्यानंतरचा. बरेच भूशास्त्रज्ञ तो त्याआधीचा मानत. आजच्या मोजणीत बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका सीमेवरचा निघतो. साहनी पूर्ण बरोबर ठरले नाहीत, पण एवढ्याशा पाणवनस्पतीची साक्ष काढायचं त्यांना सुचलं, हे मला मोठं वाटतं.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला त्यांच्या पुरावनस्पती संस्थेची पायाभरणी पंडित नेहरूंनी केली. त्या कोनशिलेतच जीवाश्म बसवले होते. आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी गेले. वय ५७. इमारत व्हायची होती. ती पत्नी सावित्रीबाईंनी (आपल्या नदीचंच नाव!) पुढे होऊन उभी करून घेतली.