एपिक्युरस : सुखवादाची कसोटी

एपिक्युरसचा जन्म इ. स. पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर एका अथेनियन शिक्षकाच्या घरी झाला. मिटिलिनी व लँप्सॅकस येथे अध्यापन करून इ. स. पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला आला. तेथील बागेत भरणाऱ्या त्याच्या विद्यापीठात स्त्रिया व दास यांनाही प्रवेश होता. सुख हेच जीवनाचे साध्य मानल्यामुळे विरोधकांनी त्याला विलासी ठरविले. परंतु त्याला अभिप्रेत असलेले सुख म्हणजे देहाची वेदनामुक्ती आणि चित्ताची अक्षुब्धता होय. इ. स. पू. २७० च्या सुमारास मूतखड्याच्या तीव्र वेदनांत त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवशी लिहिलेल्या पत्रात, मित्राशी झालेल्या संवादांच्या स्मरणाचा आनंद या वेदनांना पुरून उरतो, असे त्याने कळविले. देहाला वेदनामुक्ती लाभली नाही; चित्त मात्र ढळले नाही. सुखवादाचे मूल्यमापन करताना ही अखेर दृष्टीआड करता येत नाही.