तेरा शस्त्रक्रिया झेललेला डॉक्टर

मायकल डिलन हे नाव ऐकलंय? १९१५ साली लंडनमध्ये जन्म. नोंद झाली मुलगी म्हणून; पण आपण पुरुष आहोत, हे त्यांना आतून पक्कं ठाऊक होतं. तेव्हा असे उपचार जवळपास कुठेच मिळत नव्हते. तरी त्यांनी वाट धरली ती डॉक्टरांचीच. १९४६ ते १९४९ मध्ये नामवंत प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यांच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. इतका निष्णात हात, तरी जंतुसंसर्ग झालाच. कधी चालणंही मुश्कील व्हायचं. मग बंद खोलीत, भूल नसताना, रक्त थांबवायला कुणी नसताना काय होईल, विचार करा.

१९५१ मध्ये डिलन स्वतः डॉक्टर झाले. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं गुपित फोडलं. ते भारतात आले, बौद्ध श्रामणेर झाले; नाव मिळालं जीवक, बुद्धांच्या वैद्याचं. १९६२ मध्ये डलहौसीत वारले.

हिमायतनगरात कुणी असं घुसमटत असेल, तर ऐका: ही उपचारसोय सरकारने करायची, असं २०१९ च्या कायद्यातच आहे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात आधी बोला. ब्लेड उचलू नका. जखम झालीच असेल, तर लाज बाजूला ठेवा अन् लगेच १०८ लावा.