यंत्रवेडा शिक्षक : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड या नावाचा एक रस्ता आहे. विद्यार्थी त्या रस्त्याने नित्य जातात-येतात. ज्या गृहस्थांमुळे हे नाव पडले, त्यांचे तेथे सायकलींचे दुकान होते, एवढे सांगितले की मुलांना मोठी गंमत वाटते. त्यांचे चरित्र मात्र नुसत्या गमतीचे नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी आमच्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. परंतु मुलाचे चित्त पोथीत रमेना आणि शाळेच्या पुस्तकांतही रमेना. त्यास दोनच गोष्टींचा छंद, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्यावर ते १८८५ साली मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेदच कळत नाही. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून कठोर आघात कोणता असेल? लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या रेखाचित्रांस रंग लागत नाहीत. त्यांनी ती विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपये वेतनावर ते त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवण्याचे तास संपले की संस्थेच्या कर्मशाळेत जावे व स्वहस्ते यंत्रे चालवून पाहावी, हा त्यांचा क्रम असे.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका गृहस्थास सायकलवरून जाताना पाहिले. त्या काळी हे वाहन दुर्मीळ होते. लक्ष्मणरावांना त्याचा ध्यास लागला. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकून घेणाऱ्यास बसावयास शिकवीत. अशा रीतीने १८८८ साली ‘किर्लोस्कर बंधू’ या पेढीचा जन्म झाला. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास भावाकडे आले.

आता दुकानाच्या जोडीस एक लहानसा कारखाना उभा राहिला. त्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे होऊ लागली. ताटे अखंड टाकली तर गुरे पाला खातात आणि बुडखे तुडवून वाया घालवतात. बारीक तुकडे केले तर वैरण पुरवठ्यास येते. त्यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करावयास घेतला. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोल कापून उलथी करतो व तण खाली गाडतो. वस्तू उत्तम होती. घेणारा मात्र कोणी नव्हता. लोखंडाचे विष जमिनीत उतरून ती नापीक होईल, अशी समजूत पसरली होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली!

शेतकऱ्याच्या या भोळेपणास हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात निव्वळ अडाणीपणा दिसत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. मोडला तर तोच दुरुस्त करी. लोखंडी नांगरास रोख पैसे मोजावयाचे आणि ऐन पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर कोणाकडे धाव घ्यावयाची? ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, त्याने नव्या वस्तूस भ्यावे हे स्वाभाविकच होय. त्या दोन वर्षांत सायकलींकडे परत वळून सुखाने राहणे लक्ष्मणरावांस अशक्य नव्हते. पण नांगर त्यांनी सोडला नाही. आपल्या हातच्या कामावर जीव असल्यावाचून एवढा धीर कोणास निघेल, असे आम्हांस वाटत नाही.

नांगरास गिऱ्हाईक मिळू लागले, तोच दुसरे संकट आले. नव्या वसाहतीसाठी जागा हवी म्हणून बेळगाव नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. त्या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या संस्थानात बोलाविले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, जे. जे. कलाशाळेतून आलेल्या या कारागिराचे मोल त्यांना उमगले, यात नवल नाही. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. जमीन म्हणजे बत्तीस एकरांचा निवडुंगाने व सर्पांनी भरलेला ओसाड माळ! १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा सहकाऱ्यांसह लक्ष्मणरावांनी तो माळ साफ केला, घरे बांधली आणि भट्टी पेटविली. त्यांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगवास भोगून आलेल्यांच्या हाती त्यांनी रात्रीचा पहारा दिला, ही गोष्ट आम्हांस नांगराइतकीच मोठी वाटते. नांगरांमागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पंप निघाले. निपाणी-चिकोडी भागातील ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांस चरकाचे महत्त्व सांगावयास नको. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले, ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरोघर वाचले गेले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांच्या हाती या उद्योगाचा विस्तार पुणे, बंगळूर व हरिहरपर्यंत झाला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने टपाल तिकीट काढले. बेळगावहून मिरजमार्गे पुण्यास जाणारी गाडी सांगली सोडून थोडी पुढे गेली की एक लहानसे स्टेशन लागते. तेच पूर्वीचे कुंडल रोड. आज फलकावर किर्लोस्करवाडी असे नाव आहे.