रेल्वे, जहाज, विमान, मोटार : वालचंद हिराचंद यांना कोणता भागीदार पावला, कोणता महागात पडला?

मुंबई-पुणे रेल्वेने गेलात की भोर घाटातले बोगदे लागतात. १९२०च्या दशकात तिथे नवे बोगदे खोदण्याचं काम सोलापूरच्या एका माणसाच्या कंपनीने केलं. त्यांचं नाव वालचंद हिराचंद.

१८८२ साली सोलापुरात जन्म. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक भेटले. हे आधी रेल्वेत कारकून होते. फाटकांना कंत्राटातल्या खाचाखोचा ठाऊक, वालचंदांकडे भांडवल आणि पत. दोघांनी बार्शी लाइट रेल्वेची कामं घेतली. (हीच रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली.) पुढे टाटांशी हातमिळवणी झाली आणि १९२० मध्ये टाटा कन्स्ट्रक्शन उभी राहिली. कामं मोठी मिळू लागली. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे, असा हा सरळ हिशोब होता.

जहाजात मात्र गणित बदललं. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी वगैरेंसोबत सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. भागीदार भक्कम होते, पण समोर ब्रिटिशांच्या बड्या जहाज कंपन्या. त्यांनी भाडी पाडली. शेवटी १९२३ मध्ये सिंदियाला तह करावा लागला. कंपनी वाचली, पण परदेशी वाहतूक सोडून किनाऱ्यापुरतं राहायचं, ही त्याची किंमत. बाहेरच्याशी केलेला प्रत्येक करार म्हणजे भागीदारी नसते, हे इथे दिसतं.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट विमानांची. प्रवासात विल्यम पॉली नावाचे अमेरिकन उद्योजक भेटले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. पॉलींकडे तंत्र, म्हैसूर संस्थानाकडे जमीन आणि पैसा, वालचंदांकडे धडाडी. पुढच्याच वर्षी विमान उडालं! इतक्या झपाट्याने त्यांचं दुसरं काही उभं राहिलं नसेल. पण नंतर भागीदार म्हणून भारत सरकार आत आलं. १९४२ मध्ये जपानी सैन्य जवळ येत होतं, आणि सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. आजची एचएएल ती हीच.

विशाखापट्टणमची गोदी १९४१ मध्ये सुरू केली. १९४८ मध्ये तिथलं ‘जलउषा’ जहाज पाण्यात उतरलं. १९५२ मध्ये गोदीचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

मोटारीत मात्र परदेशी भागीदार टिकले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. आधी क्रायस्लर, मग फियाट. कारखाना कुर्ल्याला. वालचंद १९५३ मध्ये गेले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची, आणि ती रस्त्यावरून हटली थेट २०२३ मध्ये.