कडेकडेनं दिसणारं जग

मैत्रिणींनो, कॅनव्हासभर एकच फूल रंगवणारी अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. तिचं धोतऱ्याच्या पांढऱ्या फुलाचं चित्र २०१४ मध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरला विकलं गेलं. कुठल्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. मला मात्र तिची शेवटची पंधरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. आमच्या कामात भेटणाऱ्या आज्ज्या सांगतात ना, की मोतीबिंदू काढला तरी मधोमध डागच दिसतो, समोरच्याचा चेहराच कळत नाही, तेच दुखणं तिला जडलं होतं.

विस्कॉन्सिन राज्यातल्या सन प्रेअरी गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ती १५ नोव्हेंबर १८८७ रोजी जन्मली. सात भावंडांत दुसरी. शिकागो, न्यूयॉर्कला चित्रकला शिकली, पोटासाठी शिक्षिका झाली. कोळशाने काढलेली काही चित्रं तिने मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीने ती न्यूयॉर्कचे नामांकित छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना दाखवली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती आपल्या गॅलरीत मांडली. तिला न विचारता! बाई तरातरा जाब विचारायला गेल्या. चित्रं मात्र भिंतीवरच राहिली. पुढे १९२४ मध्ये दोघांनी लग्न केलं. नवरा तेवीस वर्षांनी मोठा. त्याने तिला नाव मिळवून दिलं आणि मनस्तापही भरपूर दिला. १९३३ मध्ये तिला इस्पितळात राहावं लागलं.

१९२९ पासून ती न्यू मेक्सिकोच्या उजाड, लाल मातीच्या मुलखात जाऊ लागली होती. पती गेल्यावर १९४९ मध्ये कायमची तिथे गेली. अॅबिक्यू गावातलं मातीचं पडकं घर तिने घेऊन दुरुस्त करवलं होतं. १९५९ मध्ये जगप्रवासात भारतातही येऊन गेली. विमानाच्या खिडकीतून दिसणारे ढग तिच्या मनात इतके बसले, की १९६५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तिने चोवीस फूट रुंदीचं ढगांचं चित्र रंगवलं. एवढा कॅनव्हास घरात मावेना, म्हणून गॅरेजमध्ये!

आणि मग नजर धूसर होऊ लागली. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यावर मॅक्युला नावाची इवलीशी जागा असते. सुईत दोरा ओवणं, वाचणं, माणूस ओळखणं हे सगळं तिच्या जिवावर. प्रकाश टिपणाऱ्या पेशींखाली आणखी एक थर असतो. वरच्यांना पोसायचं, त्यांचा कचरा उचलायचा हे त्याचं काम. घर चालवणाऱ्या बाईसारखंच म्हणा ना! म्हातारपणी तो थर झिजला की वरच्या पेशीही मरतात. सरळ रेषा वाकडी दिसते, मधलं पुसलं जातं, कडेचं राहतं. १९७१ पर्यंत जॉर्जियाचं मधलं सगळं गेलं. १९७२ नंतर मदतीशिवाय तिने तैलचित्र केलं नाही.

तेव्हा यावर फारसा इलाज नव्हता. आज यातल्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात. वेळेवर गेलं तर नजर वाचते. थर झिजतो त्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी पडद्याखाली बसवण्याचे प्रयोग चालले आहेत. जपानमध्ये २०१४ साली सत्तरीतल्या एका बाईला तिच्याच त्वचेपासून तयार केलेला पेशींचा पापुद्रा बसवला. नजर सुधारली नाही, पण आणखी बिघडलीही नाही. लंडनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांवर असाच प्रयोग केला. ते पुन्हा वाचू लागले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण घाई नको गं बायांनो! अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये एका दवाखान्यात पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन वयस्कर स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. प्रत्येकीने त्यासाठी पाच हजार डॉलर मोजले होते. होती तीही नजर गेली. खरा प्रयोग असेल, तर उपचाराचे असे पैसे सहसा मागत नाहीत आणि दोन्ही डोळ्यांना एकदम हात लावत नाहीत.

जॉर्जियाकडे असली आशाही नव्हती. १९७३ मध्ये काम मागत जुआन हॅमिल्टन नावाचा तरुण कुंभार तिच्या दारात आला. त्याच्याकडून ती माती हाताळायला शिकली. ऐंशी ओलांडलेली बाई, बोटांनी चाचपत भांडी घडवू लागली. १९७६ मध्ये तिने स्वतःच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं. मदतनीस घेऊन रंगवलं, तसे जलरंग एकटीनेही केले. कोळसा आणि पेन्सिल तर नव्वदी उलटल्यावरही हातात होती.

६ मार्च १९८६ रोजी सांता फे इथे ती गेली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. घराच्या समोरचा पेडर्नल हा सपाट माथ्याचा डोंगर तिने आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला होता. तिची राख त्याच डोंगरावरून वाऱ्यावर सोडली.